चौदा क्रेडिट

खिडकी नंबर चार. पंखा पाचवर, तरी घाम.
काचेपलीकडे फाल्गुनी परमार, वय एकोणतीस,
प्रतापनगरच्या कुठल्याशा साडी सेंटरची पिशवी,
पिशवीत दोन वर्षं.

म्हणजे चार मार्कशीट, एक मायग्रेशन
आणि कम्युनिटी कॉलेजचा दाखला,
ज्याच्यावरचा शिक्का घामाने फुटलाय.
बासष्ट क्रेडिट, ती म्हणते.
बँकेत कुणी चिल्लर मोजून आणावी
तसे आणलेत, दोनदा मोजून.

माझ्याकडे तक्ता असतो. डावीकडे त्यांचे विषय,
उजवीकडे विद्यापीठाचे, मध्ये मी, पेन्सिल घेऊन.
कापडाची ओळख: आहे आमच्याकडे. चार. दिले.
रंग आणि रसायन: चार. दिले.
असं करत करत खाली आले.
ग्राहकाशी बोलणं, दोन: असा विषयच नाही आमच्यात.
पावती, हिशेब, जीएसटी, चार: तो कॉमर्सवाल्यांचा.
प्रत्यक्ष काम, वाडीतला रंगारी, आठ:
उजवीकडची ओळ कोरी.

अठ्ठेचाळीस, मी म्हटलं.
तिने बोटांवर वजाबाकी केली.
चौद क्यां गया, बेन?
गेले नाहीत, मी म्हटलं, धरले नाहीत.
बावीस वर्षं हे वाक्य मी म्हणतेय
आणि ते अजून गुळगुळीत झालेलं नाही.

काचेखालच्या फटीत तिची बोटं.
नखांच्या कडेला निळं, साबणाला न जुमानणारं.
आठ क्रेडिट तिथेच होते, माझ्या पॅडपासून वीतभर.

मी दांडिया बाजारची. घरात मराठी, आमची अशी.
मला मोडं झालं म्हटलं
की पुण्याची मामेबहीण विचारते, काय मोडलं?
तिच्या तक्त्यात माझ्या भाषेचे किती धरले असतील,
मी कधी खिडकीशी गेले नाही.

नियम सांगितला. अभ्यासक्रमाची प्रत आणा,
प्राचार्यांच्या सहीची, मग समिती बघेल.
प्राचार्य वापीला, मुलाकडे.
कॉलेजच्या मजल्यावर आता जिम आहे.
तिने पिशवी उलटी केली, एक वही निघाली,
शंभर पानी, दोऱ्याने पुन्हा शिवलेली.

पानापानावर कापडाचा चौकोन चिकटवलेला,
बाजूला तिचं अक्षर:
हरडे, फटकडी, गूळ, गंजके खिळे, एकवीस दिवस.
समासात उस्ताद इद्रीसभाई छीपांची सही
आणि गुजरातीत एखाद-दुसरा शब्द.
पान एकतीस: काचो. फरी.
पान बत्तीस: फरी.
पान तेहतीस: चालशे.

बाईसाहेब, मागून कुणीतरी, लाइन किती लांब झाली बघा.

शिक्का माझा नसतो.
शेऱ्याचा रकाना तेवढा माझा,
त्यात मी सहसा 'नियमानुसार' लिहिते.
आज लिहिलं: सोबतची वही पाहावी.
पाने ३१, ३२, ३३, ह्याच क्रमाने.
शक्यतो खिडकीपाशी, उजेडात.

समिती गुरुवारी. तीन माणसं, चहा, सव्वाशे फायली.
त्यातल्या एकालाही उठून खिडकीपाशी जायचा
कंटाळा आला, तर अठ्ठेचाळीसच राहतील
आणि फाल्गुनी परमार अजून एक वर्ष
तेच शिकेल जे तिच्या नखांत आहे,
ह्या वेळी फी भरून.
हे मी तिला सांगितलं नाही.
पोच दिली. तिने ती घडी न घालता नेली,
ओल्या कपड्यासारखी दोन बोटांत धरून.

संध्याकाळी घरी दुधी किसताना दिसलं,
अंगठ्याला निळं लागलंय.
एकतिसाव्या पानाचं असणार. कच्चं होतं,
इद्रीसभाईंनी लिहिलंच होतं तसं.
एका धुण्यात गेलं.

तेहतिसाव्यालाही अंगठा लावला होता मी.
चांगला दाबून.